वकिलातीसमोर की खासदाराच्या ऑफिसात?

अमेरिकेतले माझे दोन-तीन मित्र सध्या एकाच पेचात आहेत. इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष अब्देल फत्ताह अल-सीसी यांच्या राजवटीला आपल्या करातून दर वर्षी १३० कोटी डॉलरची लष्करी मदत जाते, आणि हे त्यांना आता बघवत नाही. काहीतरी करायचंय, पण नोकरी आणि मुलं सांभाळून महिन्याला एखादाच दिवस हाताशी असतो. तो निदर्शनांना द्यावा, की खासदाराच्या ऑफिसात जाऊन बसावं? मी दोन्ही केलंय. मी मूळचा इजिप्तचा नव्हे, कैरोहून आलेल्या शेजाऱ्यामुळे यात पडलो. त्याचा मावसभाऊ तिकडे तुरुंगात आहे.

रस्त्याची बाजू आधी सांगतो, कारण तिचं माझ्यावर ऋण आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी कैरोच्या राबा चौकात सुरक्षा दलांनी सीसीविरोधकांचा ठिय्या मोडला आणि एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली, असं ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलं आहे. दर ऑगस्टला ती तारीख आली की घरात बसवत नाही. वॉशिंग्टनमधल्या वकिलातीसमोर चाळीस माणसं जमली तरी शेजाऱ्याचा चेहरा बदलायचा. ‘इथे मला माझ्या भाषेत मोठ्याने ओरडता येतं,’ तो म्हणायचा. हे कुठल्याही मीटिंगमध्ये मिळत नाही.

मग माझं मन तिथून का उडालं? एका पिवळ्या कागदामुळे.

एप्रिल २०१९ मध्ये सीसी व्हाइट हाउसला येणार होते. आदल्या आठवड्यात आम्ही एकाच्या तळघरात फलक रंगवायला बसलो. एकाने पिवळ्या कागदावर चार बोटांचा काळा हात काढला. राबा म्हणजे चौथी, म्हणून चार बोटं. त्याचा भाऊ त्या चौकात मारला गेला होता. समोर बसलेली फार्मसिस्ट बाई २०११ च्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात रात्री काढून आलेली. तिच्या लेखी तो हात मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेचा. ‘हा हात असेल तर मी येणार नाही,’ ती म्हणाली. ‘हा हात नसेल तर मी कशाला येऊ?’ तो म्हणाला. दोघांचंही मला पटत होतं. दोन तास गेले, बशीतला रंग वाळला. शेवटी फलक मोजले तेव्हा लक्षात आलं, १३० कोटी हा आकडा एकावरही नव्हता. आणि असं एकदाच झालं नाही, जवळजवळ दर वेळी झालं. बाकी गैरसोयी मी सोसल्या असत्या, ही सोसवेना.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या संसदेनेच, म्हणजे काँग्रेसने, या मदतीतला काही भाग मानवी हक्कांच्या अटीला बांधलाय, २०२३ आणि २०२४ मध्ये ३२ कोटी डॉलर. त्यातल्या मोठ्या भागावरची अट परराष्ट्रमंत्री राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन बाजूला ठेवू शकतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. २०२१ मध्ये १३ कोटी रोखले गेले, २०२३ मध्ये साडेआठ कोटी. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र पूर्ण रक्कम सोडली. म्हणजे मागणी एका ओळीत मावते: अट आहे ती पाळा, सूट देऊ नका. आम्ही एका पानावर तेवढंच लिहून नेलं. परराष्ट्र विषय बघणाऱ्या तरुण सहायकाने पहिला प्रश्न विचारला तो झिपकोडचा, म्हणजे आम्ही त्याच्या मतदारसंघातले आहोत का. मग त्याने पान वाचलं आणि ३२ कोटींखाली रेघ मारून विचारलं, ‘हे पैसे कधी सुटतात?’ इतक्या वर्षांत आमच्या बाजूच्या नसलेल्या माणसाने विचारलेला तो पहिला कामाचा प्रश्न होता.

या वाटेचे दोष लपवत नाही. सहायक वर्ष-दीड वर्षात नोकरी बदलतात आणि पुन्हा श्रीगणेशापासून सांगावं लागतं. मिळतात पंधरा मिनिटं. तुम्ही व्हिसावर असाल तर तुमच्या शब्दाला मतदाराचं वजन नसतं, निदान मला तरी तसं जाणवलं. २०२४चा निर्णय ऐकला त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या चकरांनी एक डॉलर तरी अडला का, याचा पुरावा मी देऊ शकत नाही.

नातलगांच्या भीतीचं म्हणाल तर तिथे दोन्ही वाटा सारख्याच कच्च्या आहेत. इजिप्तमध्ये तुरुंगवास भोगलेले अमेरिकी नागरिक मोहम्मद सुल्तान यांनी २०२० मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात इजिप्तच्या माजी पंतप्रधानांवर छळाचा दावा लावला, तर तिकडे त्यांच्या चुलतभावंडांना अटक झाली. तरी बंद खोलीत निदान समोरून कोणी फोटो काढत नाही.

रस्ता नेहमीच वाया जातो असं मात्र म्हणवत नाही. जुलै १९७१ मध्ये पूर्व बंगालात दडपशाही करणाऱ्या पाकिस्तानच्या लष्करशहा याह्याखानांना अमेरिकेतून शस्त्रं जात होती, तेव्हा बाल्टिमोरच्या बंदरात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची मंडळी आणि बंगाली स्थलांतरितांचे साथीदार छोट्या होड्या घेऊन ‘पद्मा’ या पाकिस्तानी जहाजाला आडवे गेले. पुढे फिलाडेल्फियात गोदी कामगारांनी पाकिस्तानचा माल चढवायलाच नकार दिला. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की समोर नकार देऊ शकणारी माणसं होती. वकिलातीच्या खिडकीमागे असं कोण बसलंय? मदत थांबवणं त्या अधिकाऱ्यांच्या हातात नाही, ते तर ती घेणाऱ्यांचे नोकर. पैसे देणारं सरकार आपलं आहे.

म्हणून एकच दिवस असेल तर, माझ्यापुरतं विचाराल तर, मी ऑफिस निवडीन. तेही अर्थसंकल्पाच्या मागण्या गोळा होतात त्या वसंतात, तीन-चार मतदार घेऊन. ऑगस्टची १४ तारीख मी अजूनही रस्त्यालाच देतो.

आमच्या दुसऱ्या खेपेला तो भाऊ गमावलेला माणूस आणि फार्मसिस्ट बाई, दोघंही आले. दोघांचा मतदारसंघ एकच निघाला. बाहेरच्या सोफ्यावर जागा दोघांचीच होती, शेजारी बसले. त्याने पिवळा बिल्ला काढून खिशात ठेवला होता, कोणी सांगितलं नव्हतं. काम झाल्यावर बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने तो पुन्हा लावला. पिन लागत नव्हती, तेवढा वेळ तिने लिफ्टचं दार धरून ठेवलं.