ऐकण्याच्या सरावासाठी यूट्यूब : आठ महिन्यांनंतर

मराठी शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात आलेल्या मुलांना पुस्तकातलं वाक्य वाचता येतं. तेच कानावर पडलं की निम्मं निसटतं. गोव्यात डिचोलीकडे पाचवी-सहावीच्या वर्गांत आठवड्याला तीन पिरियड यूट्यूब वापरलं. फायदा होतो, नुसता व्हिडिओ लावून मात्र नाही.

दोन मिनिटांचा तुकडा पुरे. आधी पडदा झाकून फक्त आवाज, कारण चित्र दिसलं की मुलं ते बघूनच उत्तर देतात. मासळीची टोपली समोर असताना ‘काय विकत घेतलं?’ विचारण्यात अर्थ नाही. ‘भाव का पटला नाही?’ विचारा. मग चित्रासह, सबटायटल बंद. तिसऱ्या खेपेला वाक्यावाक्याला थांबून लिहून घ्यायचं. सबटायटल सगळ्यात शेवटी, ताडून पाहायला. लॅपटॉपवर ‘के’ने थांबतं, ‘जे’ने दहा सेकंद मागे जातं, डाव्या बाणाने पाच. ट्रान्स्क्रिप्ट (बोलण्याचा लिखित मजकूर) उघडून ओळीवर क्लिक केलं की थेट त्याच वाक्यावर. शिक्षकाला याहून सोयीचं काही नाही.

मुलं हमखास अडतात ती ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’पाशी, आणि त्याहून जास्त ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’पाशी. अमेरिकन माणूस नकारातला शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळतो, मग येतं की येत नाही, कळणार कसं? खूण स्वरात असते: होकारातला ‘कॅन’ वाक्यात आखडून ‘कन’ होतो, नकारातला ठसठशीत राहतो. हे एकदा दाखवून तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा ऐकवावा. वेग ०.७५च्या खाली नेऊ नये. ०.५ला आवाज रबरासारखा ताणला जातो, आणि गिळलेला ‘ट’ काही परत येत नाही.

आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, भारतीय नावं-गावं त्यात बऱ्याचदा चुकतात. व्हिडिओ निवडतानाच सेटिंगमध्ये ‘ऑटो-जनरेटेड’ लिहिलंय का बघा.

पावसात पत्र्याखालच्या वर्गात लॅपटॉपचा स्पीकर कुचकामी. मोठा स्पीकर घ्या, पण वायरने जोडायचा; थांबवून पुन्हा लावताना ब्लूटूथवाला बरेचदा पहिला शब्द खातो, आणि श्रुतलेखनात तोच हवा असतो. जाहिराती मध्येच येतात, त्या टाळायच्या तर यूट्यूबच्या प्रीमियम सेवेचे पैसे मोजावे लागतात. त्यात फोनवर डाउनलोडही होतं, त्यामुळे आषाढात वीज आणि नेट दोन्ही गेली तरी चार्ज केलेल्या स्पीकरवर पिरियड होतो.