व्हॅल्वोलिन व्हीआर-१ २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल: जुन्या इंजिनाला मानवलं

माझ्या जुन्या गाडीचं इंजिन फ्लॅट टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दट्ट्याचं तोंड सपाट. कॅमचा लोब (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) टॅपेटवर थेट घासत जातो, त्यामुळे तिथे झिंक-फॉस्फरसचं संरक्षण हवंच. नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जपायला फॉस्फरस कमी ठेवतात. व्हीआर-१ या मिनरल ऑइलमध्ये झिंक साधारण १४०० पीपीएम (दहा लाखात १४०० भाग), म्हणून हेच घेतलं. इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा आता खाली बसत नाही, टॅपेटची टकटकही बरीच निवली. मस्तच! कडाक्याच्या थंडीत मात्र हे जड पडतं. सुरू केल्या केल्या रेस करू नका. आणि डबा नीट बघून घ्या. व्हॅल्वोलिनचंच ‘नॉट स्ट्रीट लीगल’ म्हणजे फक्त शर्यतीसाठीचं ऑइलही असतं, त्यात डिटर्जंट कमी असतं, रोजच्या गाडीला ते नको.