गच्चीवरची सौर यंत्रणा: दोन वर्षांची वही

दोन वर्षांपूर्वी गच्चीवर सौर पॅनेल बसवून घेतली. 540 वॅटची सहा, म्हणजे 3.24 किलोवॅट, सोबत ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (बॅटरीशिवाय, थेट बाहेरच्या तारेला जोडलेला) आणि नेट मीटर (बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा). रोज रात्री इन्व्हर्टरवरचा आकडा मी वहीत उतरवते. स्वच्छ ऊन असलं की 14-15 युनिट, दाट ढग असले की तीन-चार. पहिल्या वर्षी 4,130 युनिट झाली, दुसऱ्या वर्षी 4,290. घराची गरज जवळजवळ भागते. पॅनेलबद्दल माझी एकही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बसवणाऱ्यांबद्दल. पॅनेल लागून आठवडाही झाला नव्हता, भर दुपारी लाईट गेली आणि घरातले पंखे थांबले. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि घरात वीज नाही! फोन केला तेव्हा कळलं की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर असाच चालतो. बाहेरच्या तारेत वीज नसली की तो आपोआप बंद होतो, नाहीतर माझ्या गच्चीवरची वीज उलटी बाहेर जाऊन खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल. नियम बरोबर आहे, मला मनापासून पटतो. पण हे विकतानाच सांगायला हवं होतं. जुना बॅटरीचा इन्व्हर्टर मी भंगारात देणार होते, तो अजून दिला नव्हता म्हणून निभावलं. दिवे-पंखे त्याच्यावर टाकले, आता त्यात डिस्टिल्ड वॉटर भरायचं काम पुन्हा माझ्या मागे आहे. लाईट वारंवार जात असेल तर सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर (बाहेरच्या तारेबरोबर बॅटरीवरही चालणारा) आणि लिथियम बॅटरीचा विचार करा.

दुसरी गोष्ट जास्त लागली. सांगाड्याचे आठ पाय त्यांनी थेट स्लॅबमध्ये भोकं पाडून अँकरने पक्के केले आणि भोकांभोवती काहीही भरलं नाही. पहिल्याच पावसात झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली. ‘आधीपासूनच असेल’ असं उत्तर मिळालं. नव्हती, त्याच उन्हाळ्यात मी स्वतः तिथे रंग दिला होता. शेवटी चार पायांभोवतीचा कोबा छिन्नीने उकरला, अँकरच्या कडेने सीलंट भरलं, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. तुम्ही बसवणार असाल तर स्लॅबला हात न लावता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो का ते विचारा. वाऱ्याच्या हिशोबाने ठोकळ्यांचं वजन किती लागेल, तेही लिहून घ्या.

दुसऱ्या वर्षी युनिट वाढली ती पाण्याच्या टाकीमुळे. साडेतीननंतर तिची सावली दोन पॅनेलच्या कोपऱ्यांवर पडायची. पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे तुकडे, एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे थोड्याशा सावलीने पॅनेलचा मोठा भाग निकामी होतो. प्लंबरला बोलावून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. एका दिवसाचं काम, आणि वहीत फरक लगेच दिसला.

अनेकांना वाटतं, जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज. पॅनेलवर छापलेले वॅट हे पॅनेल 25 अंशांवर असतानाचे असतात. त्यावर दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट होते. तापून पॅनेल 65 अंशांवर गेलं की 14 टक्के तिथेच गेले. माझ्या वहीतले सगळ्यात चांगले दिवस निरभ्र पण गार हवेचे आहेत.

पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री हे सगळं आता मी दुपारी उरकते. नेट मीटरवर युनिटला युनिट वळतं होतं, त्यामुळे आज बिलात फरक पडत नाही. पण तो नियम उद्या बदलू शकतो, आणि याची मला खरी काळजी आहे. 1979 साली अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारी 32 सौर पॅनेल बसवली. 1986 मध्ये नंतरचे अध्यक्ष रेगन यांच्या काळात ती उतरवली गेली, आणि त्या छतावर पुन्हा सौर पॅनेल लागली ती थेट ओबामा यांच्या काळात. याउलट जर्मनीने 2000 सालच्या कायद्यात छतावरून येणाऱ्या विजेला 20 वर्षांचा ठरलेला दर दिला, आणि साध्या घरमालकांनी बिनधास्त पैसे घातले. पॅनेलची हमी 25 वर्षांची असते. सरकारं पाच वर्षांनी बदलू देत, पण ज्या नियमावर भरवसा ठेवून मी गच्ची दिली तो नियम माझ्या पॅनेलपुरता तरी टिकला पाहिजे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते, पक्ष कोणताही असो. अनुदानाबद्दल सगळे भरभरून बोलतात, मीटरच्या नियमाबद्दल अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

पॅनेलला पाचपैकी पाच, इन्व्हर्टरला चार, बसवणाऱ्यांना दोन. उरलेल्या चार पायांचा कोबा या रविवारी उकरणार आहे. त्यातल्या एकाखाली छताला अजून हात लावला की ओल लागते.