हात राखून लढणारा सुपरमॅन: १९८० चा बघावा की २०१३ चा?

एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि सुपरमॅन विरुद्ध झॉड ही लढत एकदाच बघायची आहे. मग ‘सुपरमॅन २’ (१९८०) लावायचा की ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३)? दोन्हीकडे खलनायक झॉड सुपरमॅनच्याच क्रिप्टन ग्रहाचा, त्यामुळे ताकद बरोबरीची. फरक पडतो तो कोण हात राखून लढतो यानेच. (पुढे दोन्हींचा शेवट उघड केलाय.)

जुन्या सिनेमातली उडाउडी आज जुनाट दिसते, पण लढतीमागचं डोकं तल्लख आहे. मेट्रोपोलिस शहराच्या रस्त्यावर तिघं (झॉड आणि त्याचे साथीदार अर्सा, नॉन) विरुद्ध एकटा सुपरमॅन. सुपरमॅनचा जीव इथल्या माणसांत अडकलाय, हे झॉडच्या टोळीला कळतं आणि पारडं तिथेच फिरतं. अर्सा आणि नॉन माणसांनी भरलेली बस उचलतात. सुपरमॅन विनवण्या करतो, तरी बस त्याच्या अंगावर येतेच. वाऱ्याच्या वेगाने उडणारा हा गडी सहज बाजूला झाला असता, होत नाही. झॉडला एकच काम, हाणायचं. याला हाणायचंही आणि राखण करायचीही. शेवटी तो मैदान सोडून जातो, लोकांना वाटतं पळाला. पुढे बर्फातल्या आपल्या किल्ल्यात तो तिघांची शक्ती युक्तीने काढून घेतो.

‘मॅन ऑफ स्टील’मधला झॉड जन्मजात सैनिक, आणि कॅन्ससच्या शेतावर वाढलेल्या पोराला तो त्यावरून टोमणाही मारतो. ठोसा बसला की आपल्याला बसल्यासारखा वाटतो, हे मान्यच. पण इमारती पत्त्यांसारख्या कोसळत असताना आत कोण आहे, याची चिंता सुपरमॅनला फारशी दिसत नाही. संयमाचा प्रश्न येतो तो थेट रेल्वे स्टेशनवर. झॉडच्या डोळ्यांतली आग एका कुटुंबाकडे सरकतेय, सुपरमॅनने त्याची मान मागून आवळून धरलीय. तो थांब म्हणतो, झॉड ऐकत नाही, आणि मान मोडते. त्यानंतरची सुपरमॅनची किंकाळी सिनेमातली सर्वांत खरी जागा.

सुपरमॅनने जीव घ्यावा का, म्हणून या मान मोडण्यावरून केवढा गदारोळ झाला! पण १९८० च्या प्रदर्शित आवृत्तीत शक्ती गेलेल्या झॉडचा हात चुरगाळून सुपरमॅन त्याला भिरकावतो, तो धुक्याच्या दरीत दिसेनासा होतो, आणि पुढे त्याचं काय झालं हे कुणी विचारतही नाही. वर सुपरमॅन खुशीत! १९८८ च्या जॉन बर्न यांच्या कॉमिकमध्ये तर तो शक्तिहीन झालेल्या तीन क्रिप्टनवासीयांना हिरव्या क्रिप्टोनाइटने (क्रिप्टनवासीयांना घातक असलेल्या खनिजाने) मारतो आणि मग त्या ओझ्यापायी पृथ्वी सोडून अवकाशात निघून जातो.

घरात लहान मुलं असतील तर जुनाच लावा. तो मान मोडण्याचा आवाज त्यांना नको. नुसती हाणामारी हवी असेल तर नवा, तोही मोठ्या पडद्यावर आणि आवाज वाढवून. मी मात्र त्या बसच्या प्रसंगासाठी परत परत जुन्याकडेच जातो.