वाघीण गेरूची की पिवळी?

1880 च्या दशकातल्या अमेरिकन मालगाडीचं मॉडेल रंगवायला घेतलं की पहिली अडचण रंगाची येते. तांबूस तपकिरी घ्यायचा, की पिवळा-पांढरा? माझं मत आधीच सांगतो. साधी बंद वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, असेल तर तांबूस तपकिरीच घ्या, पिवळा-पांढरा बर्फाच्या वाघिणीसाठी, म्हणजे आत बर्फ ठेवून माल गार ठेवणाऱ्या डब्यासाठी ठेवा. आणि रंगावर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट वाघिणीवरच्या अक्षरांना द्या.

तांबूस तपकिरी म्हणजे खरं तर आपला गेरूच. लोखंडाचं ऑक्साइड, जवसाच्या तेलात घोटलेलं. स्वस्त, उन्हात न विटणारं आणि इंजिनाच्या धुरातल्या गंधकाला दाद न देणारं. वाघिणी तेव्हा लाकडी होत्या आणि वर्षभर उघड्यावर उभ्या असायच्या, म्हणून बहुतेक कंपन्या याच रंगाकडे वळल्या. पेनसिल्व्हेनियातल्या खाणीचा ‘प्रिन्सेस मेटॅलिक’ त्यात नावाजलेला होता. खाण बदलली किंवा माती कमी-जास्त भाजली गेली की छटा बदलायची. त्यामुळे ‘नेमकी’ छटा शोधत बसू नका. तीन वाघिणी करत असाल तर तिघींच्या छटेत थोडा फरक ठेवा, गाडी जास्त खरी वाटते.

पिवळ्या-पांढऱ्याची गोष्ट वेगळी. क्रोम पिवळा आणि सफेदा दोन्ही शिशाचे, गेरूपेक्षा महाग आणि गंधकाच्या वायूंनी काळवंडणारे. तरीही बर्फाच्या वाघिणींना फिका रंग देण्यात अर्थ होता, कारण तो ऊन कमी शोषतो. 1870 च्या दशकाच्या अखेरीस शिकागोहून स्विफ्टसारखे व्यापारी बर्फाच्या वाघिणींतून मांस पूर्वेकडे धाडू लागले, आणि पुढे अशा वाघिणींच्या बाजू म्हणजे गावोगाव फिरणारे जाहिरातफलकच झाले. मॉडेल म्हणून ती देखणी दिसते, यात शंका नाही. पण अख्खी गाडी तशी रंगवली तर तो काळ हातातून निसटतो.

जुने फोटो पाहून रंग ठरवणार असाल तर जपून. त्या काळच्या काचेच्या प्लेटना निळा प्रकाश छान दिसायचा, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून फोटोत पिवळी वाघीणसुद्धा गेरूसारखी काळपट येते आणि निळी फिकट. 1860 च्या दशकात जलद मालवाहतुकीच्या ‘रेड लाइन’, ‘व्हाइट लाइन’, ‘ब्लू लाइन’ अशा सेवा होत्या. त्यांच्या वाघिणी करताना हे विशेष लक्षात ठेवा.

आता अक्षरं. वाघिणीचं वय खरं तर तीच सांगतात. 1870 च्या सुमाराला भारक्षमता साधारण 20,000 पौंड असे, 1880 च्या दशकात 40,000 आणि 1890 च्या दशकात 60,000. सत्तरच्या दशकातल्या छोट्या वाघिणीवर 60,000 लिहिलं की सगळं काम फुकट. हवेच्या ब्रेकचा उल्लेखही तसाच. मालगाड्यांवर ते ब्रेक आयोवातल्या बर्लिंग्टनच्या 1886-87 च्या चाचण्यांनंतर पसरू लागले आणि त्यांची सक्ती करणारा कायदा 1893 चा.

अक्षरं उमटवायची कशी? स्टेन्सिलने वजनाचे आकडे आणि बारीक मजकूर चांगला उतरतो. पण कंपनीच्या नावाची टोकदार, कधी सावली दिलेली रोमन अक्षरं पेंटरच्या हातची असत, आणि लहान मापात ती स्टेन्सिलने साधत नाहीत. तिथे पाण्यात भिजवून लावायचं डिकॅलच, म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापलेली अक्षरंच घ्या. फक्त ते फळ्यांच्या खाचांवरून ताणलेलं राहू देऊ नका. पातळ पात्याने खाचेखाचेत कापा आणि मऊ करणारं द्रावण लावून आत बसवा.

अक्षरांचा पांढरा दुधासारखा शुभ्र नको. सफेदा उन्हापावसात भुकटीसारखा सुटायचा आणि अक्षराखालच्या गेरूवर फिकट ओघळ उतरायचे. कोरड्या ब्रशने वरून खाली दोन हलके हात मारलेत तर तो ओघळ अगदी हुबेहूब येतो.