खिडकीचा ब्रोच : सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिन्यांपूर्वी घेतलेल्या या चांदीच्या ब्रोचबद्दल लिहायचे मी लांबणीवर टाकत होते, पण तो दुरुस्तीहून परत आला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक चौकट, दोन झडपा आणि आत ऑक्सिडाइज्ड चांदीचा काळा कोपरा, एवढाच हा दागिना. मात्र उजवी झडप नखाने उघडली की दिसणारा तो काळोख थेट आमच्या जुन्या घरातल्या माळ्याखालच्या खोलीचा होता, जिथे भर दुपारीही दिव्यावाचून काही सापडत नसे. ते घर आता विकले गेले आहे. स्विस दागिने-कलाकार ओटो क्युंझ्ली यांनी १९८०च्या दशकात भिंतीला लावायच्या कागदाचे ब्रोच केले होते. त्या ब्रोचची छायाचित्रे पाहिल्यापासून खोलीचा असा एखादा तुकडा आपल्याजवळ असावा, असे मला वाटत होते.

दोष मागच्या बाजूला होता. टाचणी मध्यरेषेच्या वर हवी, म्हणजे ब्रोच कापडावर सरळ राहतो. इथे ती बरोबर मध्यावर डाखलेली असल्यामुळे पातळ सुती कापडावर खिडकी पुढे झुकून जमिनीकडे पाहू लागे. मी ती वर सरकवून मागितली. टाचणी उत्तम बसली, पण आतला कोपरा आरशासारखा लखलखीत होऊन आला, आणि त्या दिवशी मी कारागिराशी फोनवर कडाडून भांडले.

त्या भांडणातला अर्धा भाग मी मागे घेते. काळी झाक म्हणजे चांदीच्या सल्फाइडचा अतिशय पातळ थर. पक्का डाख, म्हणजे टाचणी जोडणारा धातू, वितळवण्यासाठी साधारण ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या आणि मग आम्लात टाकून स्वच्छ केलेल्या दागिन्यावर तो टिकणे शक्यच नव्हते. मात्र काम हाती घेण्यापूर्वी हे मला सांगायला हवे होते, आणि झाक पुन्हा न देता वस्तू परत पाठवणे हा निव्वळ निष्काळजीपणा होता, यावर मी ठाम आहे.

नंतर त्यांनी पैसे न घेता कोपरा पुन्हा काळा करून दिला. पूर्वी काळोख आत आत गडद होत जाई, आता तो सगळीकडे सारखा आहे, आणि हे मला अजूनही खटकते. परंतु जिथे माझे नख लागते, तिथे झडपेच्या आतल्या कडेची झाक झिजून एक बारीक उजळ रेघ उमटू लागली आहे, दाराच्या फटीतून उजेड यावा तशी. ती रेघ मी काळी करून घेणार नाही.