चेंडू की फेरफटका?

आमचा लॅब्राडॉर सात वर्षांचा, वजन 38 किलो. चेंडू दिसला की गच्चीवर असा सुटतो की दहा मिनिटांत जीभ बाहेर. आपल्याला खुर्चीतून उठावंही लागत नाही (खरं आकर्षण तेच). पण धावता धावता तो एकदम थांबतो, गर्रकन वळतो, आणि जड कुत्र्याच्या गुडघ्यांवर, खुब्यांवर भार येतो तो तिथेच. गुळगुळीत फरशीवर तर पाय घसरतातच.

फेरफटक्याला पाऊण तास जातो. दर खांबापाशी थांबून हुंगणं म्हणजे वेळ फुकट नाही. त्याचं डोकं दमतं ते तिथेच. चालही संथ, सांध्यांना सोसणारी. अडचण फक्त उन्हाची. मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर पंजेही भाजणार. म्हणून आम्ही सकाळी सातच्या आत घरी.

मी फेरफटकाच धरलाय. चेंडू पावसाळ्यात, तोही घरात सतरंजी अंथरून, जमिनीवरून घरंगळत.

वजनाचं कोडं मात्र दोन्हींनी सुटत नाही. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. आमच्याकडे त्यात आजीची भर: ओट्याखालून पोळीचा तुकडा सरकवतेच.